बसवनगुडीच्या होडीला खुंटा मिळाला

आधी जागा पाहावी आणि मग घर बांधावे, हा क्रम शहाण्या माणसाला शिकवावा लागत नाही. आम्ही मात्र आधी होडी बांधली आणि मग तिच्यासाठी जागा शोधावयास निघालो. आपली पहिली होडी घेण्याचा वा बांधण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी हा वृत्तान्त सावकाश वाचावा. आमच्या चुका त्यांच्या उपयोगी पडतील.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. एका कारखान्याच्या आरेखन विभागातून मी नुकताच निवृत्त झालो होतो. आमचे घराणे चार पिढ्यांपासून बसवनगुडीत आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. स्वतःच्या होडीत बसून स्वतः वल्ही मारावीत, ही माझी लहानपणापासूनची हौस. समुद्र साडेतीनशे किलोमीटरांवर असलेल्या शहरात ती मला कोठून जडली, हे मला आजही सांगता येत नाही.

होडीचा आराखडा माझा. हात मात्र खंडेरावांचे. खंडेराव मूळचे बेळगावकडचे, राहणार राजाजीनगरचे. आमच्याच कारखान्यात ते ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे करीत. केसाएवढी फट त्यांना खपत नसे. आमच्या शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षे खपून त्यांनी चौदा फुटांची सागवानी होडी उभी केली. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकली, वर लुकण भरले, तेल पाजले. पाडव्याला काम पुरे झाले आणि त्यानंतर नऊ महिने ती होडी शेडमध्ये कुलपात राहिली, कारण तिला ठेवावयाचे कोठे, हे ठरत नव्हते.

शहरातील तळ्यावरच्या एका नौकाविहार मंडळाकडे मी अर्ज केला होता. त्यांच्या छापील अर्जात इंग्रजीच्या तीन ढोबळ चुका होत्या. त्या मी लाल शाईने दुरुस्त करून दिल्या. अर्ज नामंजूर झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध आहे, असे माझी पत्नी सुमती आजही सांगते.

डिसेंबरात शेजाऱ्यांनी जागा विकली. शेड सोमवारी सकाळपर्यंत रिकामी हवी होती. त्याच सुमारास राजाजीनगरच्या एका हॉटेलमालकाने होडी मागितली. हॉटेलच्या दारात ती ठेवून तो तिच्यात क्रोटनच्या कुंड्या मांडणार होता! खंडेरावांनी हे ऐकले, हातातला चहा खाली ठेवला आणि ते उठून गेले.

"सोमवारपर्यंत जागा मिळाली तर ठीक," सुमती म्हणाली, "नाहीतर कुंड्या. मी त्या माणसाला सोमवारी नऊ वाजता बोलावले आहे."

शुक्रवार

पहाटे सहाला टेम्पो निघाला. मागे होडी, होडीत गवताचे भारे, भाऱ्यांवर खंडेराव. पुढे चालकाशेजारी आम्ही दोघे. माझ्या मांडीवर वही होती आणि वहीत उत्तम जागेच्या आठ अटी: छप्पर, कुलूप, रखवालदार, पक्का धक्का, कोरडी जमीन, रस्ता, परवडणारे भाडे आणि पावती.

मैसूर रस्ता तेव्हा दुपदरी होता आणि दोन्ही बाजूंना जुन्या झाडांची कमान होती. बिडदीला थांबून थाळीएवढी तट्टे इडली अवश्य खावी. लोण्याचा गोळा वेगळा मागावा लागत नाही. तेथे हॉटेलातला वाढपी बाहेर येऊन होडीकडे पाहतच राहिला.

"एनु स्वामी, बेंगळूरिगे समुद्र बंता?" त्याने विचारले. बेंगळुरूला समुद्र आला की काय?

"अजून नाही," सुमतीने त्याला कन्नडमध्येच सांगितले, "आम्ही त्याला आणायला चाललो आहोत."

चन्नपट्टणला रस्त्याकडेला लाकडी खेळणी मांडलेली असतात. तेथील कारागिराने होडीच्या कडेवरून हात फिरवला आणि खंडेरावांना नमस्कार केला. मद्दूरला वडा घ्यावा, पण गरम असेल तरच. सहप्रवाशांनी मिळून टेम्पो केल्यास खर्च फारसा जाणवत नाही. परतीचे भाडे मात्र निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. आम्ही ते ठरवले नव्हते.

कृष्णराजसागराच्या मागच्या पाण्यावर एक खाजगी नौकागृह होते. दुपारी तेथे पोहोचलो. पत्र्याचे छप्पर, कुलूप, रखवालदार, सिमेंटचा धक्का. माझ्या आठांपैकी सात अटी तेथे पुऱ्या होत होत्या. उरली ती भाड्याची; महिन्याचे भाडे माझ्या निवृत्तिवेतनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा होते. मी मनातल्या मनात वर्तमानपत्र, दुसरा चहा आणि नवा चष्मा वजा करीत होतो, तोच व्यवस्थापक म्हणाला, "आधी पाण्यात सोडून दाखवा."

सोडली. क्षणभर ती इतकी सुंदर तरंगली, की सुमतीने माझे मनगट धरले. मग तळाशी एक काळी रेघ उमटली. तिच्याशेजारी दुसरी. पाहता पाहता प्रत्येक सांध्यातून पाणी झिरपू लागले.

"पाणी येतंय की ओ नाना!" खंडेराव माझ्याकडे पाहून ओरडले.

आम्ही डब्याने उपसत राहिलो आणि पाणी येतच राहिले. व्यवस्थापकाने हात झटकले. "गळकी होडी आमच्या धक्क्याला नको. दुसऱ्या होड्यांचे मालक काय म्हणतील?"

होडी काठावर ओढली. तेव्हा मी जे बोललो, ते येथे लिहिणे मला भाग आहे. मी म्हणालो, "केसाएवढी फट खपत नाही म्हणत होता ना, खंडेराव? ही पाहा तुमची फट."

खंडेराव खाली वाकले. खिशातून पंचा काढून ते होडीचा तळ पुसू लागले, आजारी माणसाचे अंग पुसावे तसे.

टेम्पोचालक परतीची घाई करू लागला. होडी पुन्हा चढवण्यासाठी चार हात हवेत, म्हणून काठाने थोडे पुढे गेलो. तेथे मासेमाऱ्यांची सहा-सात घरे होती. बांबूच्या गोल टोपलीहोड्या भिंतींना पालथ्या टेकवलेल्या. एक पन्नाशीची बाई जाळे शिवीत बसली होती. तिचे नाव गौरम्मा. आमची सगळी फजिती तिने बसल्या जागेवरून पाहिली होती आणि ते ती लपवीत नव्हती.

"किती दिवस उन्हात होती?" तिने विचारले.

"उन्हात मुळीच नव्हती," मी ठासून सांगितले. "नऊ महिने पत्र्याखाली, कुलपात."

"म्हणजे उपाशी कोंडून ठेवली होती." ती उठून आमच्याबरोबर आली, सांध्यात नख घालून तिने पाहिले आणि हसली. "काम चांगले आहे. हिला तहान लागली आहे. दोणी नीरु कुडीबेकु, स्वामी. होडीला पाणी प्यावे लागते."

"म्हणजे काय करायचे?"

"बुडवा."

मला वाटले, ती थट्टा करते आहे. पण सुमती एकदम म्हणाली, "अहो, माझ्या माहेरी विहिरीवर लाकडी बादली होती. उन्हाळ्यात ती अशीच गळायची. आजोबा तिला दोन दिवस हौदात बुडवून ठेवत. मग थेंबही गळत नसे."

खंडेरावांनी पंचा खाली ठेवला. "आमचे साचे ओले झाले की गेले कामातनं," ते म्हणाले. "सगळा जन्म लाकडाला पाण्यापासून वाचवलं ओ नाना. ते पाण्याला द्यायचं असतंय, हे मला ठाऊकच नव्हतं बगा."

मलाही ठाऊक नव्हते. आराखड्यात मी प्रत्येक फळीची जाडी लिहिली होती. तहान लिहिली नव्हती. ओतशाळेतील दोन माणसांनीच करावी, अशी ती चूक होती आणि तिचा अर्धा वाटा माझा होता.

टेम्पोला आम्ही निरोप दिला. गौरम्माच्या घरापुढे, छातीभर पाण्यात होडी नेली आणि तिच्यात दगड भरू लागलो. ज्या होडीवर ओरखडा उठू नये म्हणून खंडेराव दोन वर्षे अनवाणी वावरले, तिच्यात ते स्वतःच्या हाताने दगड ठेवीत होते, अंडी ठेवावीत तसे. शेवटच्या दगडासरशी ती शांतपणे खाली गेली. दोर गौरम्माने काठावरच्या खुंट्याला बांधला.

"आता घरी जा," ती म्हणाली. "ती पिईल."

शनिवार

श्रीरंगपट्टणला धर्मशाळेवजा लॉजमध्ये उतरलो. खोली स्वच्छ, पाणी गरम. सूचनाफलकातील चुकांविषयी न बोलणेच बरे. सुमती संगमावर जाऊन आली. मला मात्र किल्ला पाहताना सारखा पाण्याखालचा सागवानच दिसत होता. अखेर दुपारी बसने पुन्हा गौरम्माकडे गेलो. खंडेराव सकाळपासून तेथेच होते. गौरम्माची सासू त्यांना नाचणीचा 'मुद्दे', म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, न चावता कसा गिळावा, ते शिकवीत होती. चावला की ओरडत होती.

पाण्यावर होडीचे केवळ नाक दिसत होते. ते पाहून मी वही उघडली आणि येथेच होडी ठेवता येईल काय, असे गौरम्माला विचारले.

"ठेवा की."

"छप्पर नाही."

"छपराखाली ठेवूनच ही दशा झाली ना?"

"कुलूप?"

"एवढी जड होडी डोक्यावर घेऊन कोण पळणार?"

"रखवालदार?"

तिने सासूकडे बोट दाखवले. म्हातारीने मान हलवली.

"पण पक्का धक्का नाही," मी म्हणालो.

या वेळी ती हसली नाही. मला घेऊन नौकागृहाच्या दिशेने थोडी चालली आणि तिने दूरवर, पाण्याच्या पार मध्याकडे हात केला. "उगादीला, तुमच्या पाडव्याला, पाणी तिथे जाते. तेव्हा तो सिमेंटचा धक्का चिखलात उभा असतो आणि त्यांच्या होड्या उन्हात. आमचा खुंटा पाण्याबरोबर चालतो. पाणी जाईल तिकडे खुंटा जाईल." धरणाच्या पाण्यावर जागा शोधणाऱ्यांनी हे वाक्य लिहून ठेवावे. मी लिहून ठेवले.

भाडे विचारले, तेव्हा तिने महिन्याला जेवढे सांगितले, तेवढ्यात आमचे नुसते दूधही भागत नसे. मात्र तिची एक अट होती. आम्ही नसू तेव्हा ती आणि शेजारणी पलीकडच्या काठाचे गवत आणण्यासाठी होडी वापरणार.

मला हे जड गेले. आपली नवी होडी, आणि तिच्यात गवताचे भारे! ते माझ्या चेहऱ्यावर उमटले असावे, कारण सुमती शांतपणे म्हणाली, "येताना तिच्यात गवतच भरले होते, नाही का? आणि कुंड्यांपेक्षा गवत बरे."

"सरी," मी म्हणालो. चालेल.

रविवार

सकाळी दगड काढले. वस्तीतल्या लोकांनी होडी काठाकडे कलती करून पाणी ओतून दिले, उरलेले आम्ही उपसले. फळ्या फुगून एकमेकींना अशा भिडल्या होत्या, की सांधे बोटाने शोधावे लागले. वल्ही जागेवर बसवली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. पन्नास वर्षे मी त्या क्षणाची वाट पाहिली होती.

मी वल्ही खंडेरावांच्या हाती दिली. "शुक्रवारी मी जे बोललो, ते चूक होते," मी म्हणालो. "आधी तुम्ही."

"नको ओ नाना."

"चढा, खंडेराव."

ते चढले. दहा हात गेले, वीस हात गेले. मग वल्ही थांबवून ते वाकले आणि तळावर तळहात फिरवून त्यांनी तो वर धरून दाखवला. हात ओला होता, पण त्यातून थेंबही ओघळत नव्हता. काठावर म्हातारीने टाळी वाजवली. त्यानंतर पाऊण तास मी वल्हवले. सुमती पुढ्यात बसली होती आणि मी तिला उलट्या दिशेने नेत असल्याचे अधूनमधून सांगत होती.

निघताना मी गौरम्माकडे पावती मागितली. सवय सुटत नाही. तिला लिहिता येत नव्हते. ती घरात गेली आणि स्वतःच्या टोपलीहोडीचे वल्हे घेऊन आली. तिकडे त्याला हुट्टू म्हणतात. मुठीपाशी ते हाताच्या घामाने काळे झाले होते.

"तुमची होडी माझ्याकडे, माझा हुट्टू तुमच्याकडे," ती म्हणाली. "आमच्याकडे असेच असते."

"आणि तुम्ही काय वापराल?"

"तुमची होडी," ती म्हणाली आणि जाळ्याकडे वळली.

घरी

परतीला मैसूरहून बसने आलो. ते भाडे ठरलेले असते. चार तास ते वल्हे आमच्या तिघांच्या गुडघ्यांवर आडवे होते आणि वाहक त्याचे अर्धे तिकीट मागत होता. घरी आल्यावर ते दाराआड उभे केले.

सोमवारी बरोबर नऊला हॉटेलमालक आला. शेडमध्ये दोन ओंडके आणि भुसा एवढेच होते.

"होडी?" त्याने विचारले.

"बुडवून आलो," सुमती म्हणाली आणि त्याला कॉफी दिली. त्याने मनापासून हळहळ व्यक्त केली.

पुढे अकरा वर्षे, महिन्यातले दोन रविवार आम्ही त्या पाण्यावर घालवले. कार्तिकात बसवनगुडीची शेंगदाण्याची जत्रा भरली, की एक पोते गौरम्माकडे जाई. म्हातारीला ते भाड्याहून महत्त्वाचे वाटे. होडी एकदाही गळली नाही, कारण ती एकही आठवडा कोरडी राहिली नाही. आम्ही नसताना ती गवत वाहत होती, म्हणूनच आम्ही गेलो की आमच्यासाठी तरंगत होती. हे उपकार कोणाकोणाचे मानावे? खंडेराव आता नाहीत. माझ्याच्याने बसचा प्रवास होत नाही. होडी गौरम्माच्या मुलाच्या हाती आहे आणि खुंटा पाण्याबरोबर चालतो आहे.

परवा ती जुनी वही सापडली. आठ अटींपैकी बहुतेकांवर मी त्याच सोमवारी काट मारली होती. शेवटच्या अटीवर मात्र काट नाही. 'पावती' या शब्दापुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे: मिळाली. दाराआड उभी आहे.