हाक ऐकू येईल असं घर

ताईच्या घरी गेले की मी बेल वाजवत नाही. पिशवीतलं एखादं लीफलेट दारातल्या लेटरबॉक्सच्या फटीतून आत सरकवायचं, पलीकडून माझी भाची ते ओढून घेते, आणि मग दार उघडतं. ती चालायला लागली तेव्हापासूनचा हा आमचा खेळ. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी असंच लीफलेट सरकवलं आणि ते आत जाईना. कागद दुमडला. फटीत बोट घातलं तर पलीकडे थंड पत्रा लागला. कुणीतरी आतून पट्टी मारून लेटरबॉक्स कायमचा बंद केला होता.

दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मला वाटलं, कारण माझं अर्धं आयुष्य दारातल्या या फटींपाशी वाकण्यात गेलंय. लीड्समध्ये भाडेकरूंच्या मोहिमेत मी कॉलेजात असल्यापासून आहे. ओल धरलेल्या भिंती, आग अडवायला असलेली पण न मिटणारी फायर डोअर्स, तक्रार केली म्हणून घराबाहेर काढणारे मालक, यांच्याविरुद्ध पत्रकं लिहायची आणि ती गल्लीगल्लीत टाकायची. हे काम केलं की लेटरबॉक्सवरून घर कळायला लागतं. कुठे कुत्रा बोटं धरतो, कुठे म्हातारं माणूस एकटं आहे, कुठे महिनाभर कुणी आलेलंच नाही. आणि आतून बंद केलेली फट दिसली की घरातलं माणूस घाबरलेलं आहे, असं समजायचं. तिथे दार ठोठावायचं नाही, पुढच्या घरी जायचं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

आणि हे माझ्या बहिणीचं दार होतं.

मी बेल वाजवली. ताईने चेन न काढता विचारलं, "कोण?"

"मी गं. हे काय केलंयस लेटरबॉक्सला?"

आत गेले तर दारातलं पायपुसणं नव्हतं. जमिनीवर काळा डाग होता. खालच्या भिंतीला ताजा रंग मारला होता, पण वास जात नव्हता.

ताई चहा टाकत बोलली, माझ्याकडे पाठ करून. फटाक्यांच्या दिवसांत कुणीतरी पेटता फटाका लेटरबॉक्समधून आत टाकला. पायपुसण्याने पेट घेतला. भाची जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत होती. जिजूंनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, कोटाने आग विझवली. पोलीस आले, "पोरं असतील" म्हणाले, गेले.

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू त्याचं पत्रक केलं असतंस."

खरंच केलं असतं. मथळासुद्धा मनात तयार होत होता.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. जिजूंनी केनियात नोकरी धरली होती. ते भुलीचे डॉक्टर आहेत. नैरोबीच्या कडेला एका हॉस्पिटलात जागा होती. नैरोबीत घरं परवडेनाशी झाली तशी माणसं बाहेर सरकली आणि तासाभराच्या अंतरावर एक गाव भराभर वाढलं. सकाळी सगळे तिथून कामाला निघतात, संध्याकाळी परत येतात. तिथे घर घ्यायचं ठरत होतं.

मी भडकले. "म्हणजे पळायचं? ही गल्ली आपली नाही? मुलगी इथे जन्मली, तिची शाळा इथे. फटाके टाकणाऱ्यांना हेच तर हवंय!"

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली. "सगळं बरोबर आहे. लढायला हवं. फक्त पायरीवर बसवायला माझी मुलगी नाही मिळणार." मग कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तुला घरं कळतात. दहा वर्षं दुसऱ्यांची घरं बघतेयस. आता माझ्यासाठी एक बघ. पोरीला सुखाने राहता येईल अशी वस्ती शोधून दे. आणि भाषण नको."

पुढचे काही महिने मी घर शोधण्यातच घालवले. मी कधी केनियाला गेलेली नाही. बसमध्ये, मीटिंगमध्ये, जेवताना मी त्या गावाचे व्हिडिओ बघत असे. विकणारा माणूस प्रत्येक व्हिडिओत पहिल्यांदा भिंत दाखवायचा. मग भिंतीवरच्या विजेच्या तारा, लोखंडी फाटक, फाटकातला पहारेकरी. मी ज्या हातांनी "श्रीमंतांच्या कुंपणाआड शहर मरतं" असं लिहिलं, छापलं, वाटलं, त्याच हातांनी मी आता सर्वांत उंच भिंत असलेली घरं बाजूला काढत होते. लाज वाटत होती. पण डोळ्यांपुढे तो जमिनीवरचा काळा डाग यायचा आणि मी आणखी उंच भिंत शोधायचे.

शेवटी दोन घरं उरली आणि जिजू ती बघायला तिकडे गेले. शनिवारी दुपारी ते फोनवरून घरं दाखवणार होते. ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो: ताई, मी आणि जिजूंच्या आई, ज्यांना घरातले सगळे 'बा' म्हणतात. बा लेस्टरहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांचा जन्म केनियातला. तिथल्या भारतीयांना असुरक्षित वाटायला लागलं तेव्हा, तरुण असताना, घरच्यांबरोबर तिथून भीतीनेच निघाल्या आणि लेस्टरला येऊन राहिल्या. आता मुलगा भीतीने उलटा निघाला होता. त्या गुजराती बोलतात, मध्येमध्ये ताईकडून उचललेलं मराठी. मी इथे सगळं मराठीतच लिहितेय.

पहिलं घर मी निवडलेलं, भिंतीचं. स्वतंत्र, चारही बाजूंनी मोकळी जागा, रस्त्यापासून आत. फाटक सरकलं, जिजू आत गेले. हिरवळ, लिंबाचं झाड, मोठ्ठं स्वयंपाकघर. ताईचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झालेला मी पाहिला.

"हेच," ती म्हणाली. "दारापर्यंत कुणी येऊच शकणार नाही."

मग जिजू बेडरूमकडे जाणाऱ्या बोळाकडे वळले आणि त्याच्या तोंडाशी थांबले. तिथे लोखंडी जाळीचं दार होतं, जमिनीपासून छतापर्यंत, घराच्या आत. सोबतचा एजंट कौतुकाने सांगत होता: झोपताना हे लावायचं, कुलूप घालायचं, चोर आला तरी कुटुंब सुरक्षित.

मी फोनकडे वाकले. "जिजू, मुलीच्या खोलीची खिडकी दाखवा."

दाखवली. तिलाही जाळी. जाड, भिंतीत पुरलेली.

"बाहेर पडायला दुसरी वाट?"

"इथे सगळ्यांकडे अशीच घरं आहेत," जिजू म्हणाले. "अगं, ही काही तुमच्या कौन्सिलची भाड्याची इमारत नाही."

"जिजू, तुम्ही कोटाने आग विझवलीत ना? मग मला सांगा, त्या जाळीच्या आत ती आणि आग बाहेर असती तर?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ती मला घराबाहेर काढणार. "बंद कर," ती म्हणाली. "सगळीकडे तुला आग दिसते."

"तुझ्याच दारात लागली होती!"

बा टेबलावरचे भाकरीचे कण बोटाने गोळा करत होत्या. "आमच्याकडेही ही जाळी होती," त्या म्हणाल्या. "किल्ली बापूजींच्या, माझ्या वडिलांच्या, खिशात. एकदा सकाळी ते जाळी लावूनच मंदिरात गेले, सवयीने. आम्ही सगळे आत. बाहेर स्वयंपाकघरात स्टोव्ह भडकला, पडदा पेटला. धूर बोळातून आत येत होता आणि आम्ही जाळी धरून उभे."

"मग?" ताईने विचारलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"मग ओरडलो. शेजारची बाई पहार घेऊन आली. तिनं जाळी उचकटली. पायात एकच चप्पल होती तिच्या." बा फोनवरच्या मुलाकडे वळल्या. "दीकरा, त्या पोरीच्या खोलीत जा आणि ओरड."

"काय ओरडू, बा?"

"वाचवा म्हण. आणखी काय!"

"बा, हा माणूस समोर उभा आहे. काय म्हणेल?"

"त्याला सांग, आईनं सांगितलंय. लहानपणी एका बिस्किटासाठी अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचास, आता लाज वाटते?"

जिजू खोलीत गेले. घसा खाकरला. मग खरंच ओरडले, "हेल्प!" फोनमध्ये आवाज फाटला. पुन्हा ओरडले. आम्ही तिघी ऐकत राहिलो. लांब कुठेतरी कुत्रा भुंकला. बस्स. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा आला नाही. भिंतीबाहेर उभा होता, त्याला ऐकूच गेलं नाही. एजंट हसून म्हणाला, "व्हेरी प्रायव्हेट, सर."

ताई म्हणाली, "मला भिंत हवीय." मग पुन्हा तेच म्हणाली आणि रडायला लागली.  आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापाशी घोषणा नव्हती. मलाही भिंतच हवी होती. भिंतही हवी आणि आत कुणी मरायलाही नको.

बांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "भिंतीचं मलाही कळतं, बेटा. पण त्या दिवशी असली भिंत असती तर ती बाई आली कुठून असती?"

दुसरं घर मी जवळजवळ काढूनच टाकलं होतं. तिथे लोक त्याला 'कोर्ट' म्हणतात: एका फाटकाच्या आत समोरासमोर दोन रांगा, भिंतीला भिंत लागलेली घरं, मधे सिमेंटचं अंगण. एकाच्या दोरीवरचे कपडे दुसऱ्याच्या दारात. अंगणात मुलं सायकल चालवत होती. एक जण थेट फोनवरच आला, जिजूंनी उडी मारली. बोळाच्या तोंडाशी इथेही तीच जाळी. मी पुन्हा कपाळाला हात लावला.

"ओरड," बा म्हणाल्या.

जिजू आता सरावले होते. मुलीच्या खोलीत गेले आणि जोरात ओरडले.

काहीच झालं नाही. मी टेबलाची कड धरून बसले होते. मग सायकलींचा आवाज थांबला. कुठेतरी दार आपटलं. आणि भराभर चपला वाजल्या, बाईचा आवाज चढत चढत जवळ आला, "कुना निनी? कुना निनी?" फोनच्या पडद्यावर ती दिसली: हातांना पीठ लागलेली एक बाई, धापा टाकणारी. मागे शाळकरी मुलं, मागे पहारेकरी. जिजू धडधाकट उभे आहेत हे पाहून तिचा पारा चढला. तिने त्यांना असं झाडलं की भाषा न कळूनही आम्हाला सगळं कळलं.

आणि बा फोनवर वाकून तिच्याशी स्वाहिलीत बोलायला लागल्या. इतक्या वर्षांनी. शब्द अडखळत होते, पण येत होते. ती बाई आधी चमकली, मग तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं, मग काहीतरी बोलली आणि हसली.

"काय म्हणाली?" ताईने नाक पुसत विचारलं.

"काय झालं, काय झालं, असं विचारत आली होती. मी म्हटलं, घर विकत घ्यायच्या आधी शेजार तपासतोय. ती म्हणते, पुढच्या वेळी आधी निरोप पाठवा, माझी चपाती जळली."

ताईने ते घर घेतलं. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भिंत बुटकी होती. तारा नव्हत्या. फाटक दिवसभर उघडंच असे. निघायच्या दिवशी विमानतळावर भाचीला मी इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "मावशी, श्वास!"

ते लोक तिथे राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन आला. मी माझ्या फ्लॅटमध्ये एकटीच होते. जाळी काढून टाका, असं मी जिजूंना कितीदा म्हटलं होतं. ते नाही म्हणाले, आणि त्यांची भीतीही मला खोटी म्हणता येईना. मग बांनी लेस्टरहून हुकूम सोडला: किल्ली कुणाच्या खिशात राहणार नाही. आतल्या बाजूला, पोरीचा हात पोचेल तिथे खिळा ठोकायचा. आणि पोरीला डोळे मिटून कुलूप उघडता आलं पाहिजे, धुरात दिसत नाही.

"बघ हं मावशी," भाची म्हणाली. ताईने फोन धरला होता.  भाचीने डोळे मिटले, भिंत चाचपली, किल्ली काढली. ती तिच्या हातून पडली. ती गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात फिरवायला लागली. किल्ली तिच्या मागे होती. मला दिसत होती, ताईला दिसत होती, आणि बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी माझ्या मुठी तोंडावर धरल्या. तिचा हात किल्लीवरून गेला, परत आला, थांबला. मग ती उठली, कुलूप चाचपलं, किल्ली उलटी घातली, सुलटी केली. जाळी करकरत उघडली.

"आता तू," ती म्हणाली.

"मी काय?"

"तू पण दार उघड. डोळे मिटून. चीटिंग नाही करायची."

मी फोन टेबलावर टेकवून ठेवला, डोळे मिटले आणि दाराकडे निघाले. खुर्चीला धडकले. लाकूड हाताला लागलं, पण चेन लागेना. रोज लावते, रोज काढते, आणि आता ती कुठे आहे हे माझ्या हातांना ठाऊक नव्हतं. मी वर चाचपलं, खाली चाचपलं. 

"मावशी, ओरड ना," फोनमधून ती म्हणाली. "शेजारची बाई येईल."

मी डोळे मिटूनच उभी राहिले. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, ते आठवायचा प्रयत्न करत होते.