उजवा पाय नापास

हे मी जर्मनीत, गेर्लिंगेनच्या ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. येत असलेल्या पेपरात लबाडी करून नापास झालेला माणूस पाहायचाय? हा बघा, चहा पितोय!

गेल्या वर्षी स्कीइंग करताना माझ्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, दहा महिने व्यायाम झाला. फाशिंगच्या, म्हणजे तिकडच्या कार्निव्हलच्या सुट्टीत आमची आठ वर्षांची सई पहिल्यांदाच मोठ्या उतारावर जाणार होती आणि बाबांनी बरोबर यायचंच, असं तिनं निक्षून सांगितलं होतं. पण डॉक्टरांची अट होती, आधी फिजिओची टेस्ट पास व्हा, मग बर्फावर जा.

टेस्ट कसली, लंगडी! एका पायावर लांब उडी मारायची, फिजिओ फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, टेपनं मोजणार. ऑपरेशनच्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी.

आता टक्केवारी म्हटल्यावर पुण्याच्या इंजिनिअरचं डोकं कुठे धावणार? वरचा आकडा वाढवायला कष्ट पडतात. खालचा, म्हणजे चांगल्या पायाचा, कमी करायला काय लागतं? बायको म्हणालीसुद्धा, सरळ उड्या मार, पाय बरा झालाय तुझा. मी ऐकतो होय!

आधी चांगला, म्हणजे उजवा पाय. मी चेहरा वेडावाकडा करत जेमतेम पाऊण मीटर गेलो. मग डावा. सईला आठवून अशी उडी घेतली, की थेट सव्वा मीटर!

"डावा उत्तम," फ्राऊ केलर शांतपणे म्हणाल्या. "पण उजवा फारच कमजोर आहे. अशा पायावर तुम्हाला स्कीइंगला सोडता येणार नाही."

मुद्दाम कमी उडी मारली, हे कबूल करून टाकलं.

"मी टेपवर दिसतं तेच लिहिते," त्या म्हणाल्या.

पुन्हा मारू का विचारलं, तर पुढचा टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, थेट सुट्टीनंतरची. वर उजव्या पायाच्या व्यायामाचा कागद हातात दिला.

सई रडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. ती मैत्रिणीच्या बाबांबरोबर वर गेली. मी तिचा डबा सांभाळत खाली बाकावर. शेजारच्या जर्मन आजोबांनी विचारलं, कोणता पाय? म्हटलं, ऑपरेशन डाव्याचं, पण तो ठणठणीत आहे. अडलंय उजव्यापायी.

"उजव्याला काय झालं?"

काय सांगणार? म्हटलं, "मी इंजिनिअर आहे."

"आख् झो, असं होय," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी आपली शाल माझ्या उजव्या गुडघ्यावर घातली.