हॉर्न कुणासाठी वाजला

माझ्या आईने, लामदुआनने, आयुष्यात एकाही माणसाकडे काही मागितलेलं नाही. शेजारणीकडे चार मिरच्या मागायच्या म्हटलं तरी तिच्या जिवावर येतं. बँकॉकपासून दोन तासांवरच्या साराबुरीच्या बाजाराच्या तोंडाशी तिचं शिलाई मशीन आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, शाळेच्या गणवेशांना बिल्ले शिवणं अशी कामं करत तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. मशीन बिघडलं की ती हाताने टाके घालत बसते. शेजारचं मशीन दिवसभर रिकामं असलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. लोकांचे उपकार नकोत, म्हणते.

देवांचं मात्र वेगळं. तिथे तिला संकोच म्हणून नाही. तू हे दे, मी ते देते, असा रोखठोक मामला. मी अकाउंटन्सीच्या परीक्षेसाठी दोन वर्षं डोळे फोडून अभ्यास केला, पण पास झाले ती स्टेशनमागच्या पिंपळामुळे. आई त्याला सात रंगांची कापडं गुंडाळून आली. माझा धाकटा भाऊ तोंग सक्तीच्या लष्करभरतीच्या सोडतीत सुटकेची काळी चिठ्ठी काढून सुटला, त्याबद्दल अख्खं डुकराचं मुंडकं गेलं. घरात जे काही चांगलं झालं ते कुठल्या ना कुठल्या देवाच्या खात्यावर, आणि जे वाईट झालं ते आमच्या वागण्यामुळे. मी सिमेंट कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर खात्यांचीच कामं करते, पण असा हिशेब मी कुठेही पाहिलेला नाही.

गेल्या थंडीत आम्ही चौघं खाओ याईच्या जंगलात फिरायला गेलो होतो. धबधब्याच्या पायऱ्या चढताना बाबा छाती धरून खाली बसले. आम्ही त्यांना कसंबसं गाडीत घातलं. आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तोंगने गाडी पाक चोंगच्या दवाखान्याकडे पळवली आणि मी पुढे बसून फोन लावत राहिले. वाटेत कुठेतरी तोंगने तीनदा हॉर्न वाजवला. आमच्याकडे देवस्थानावरून जाताना हॉर्न वाजवून नमस्कार करतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आईने डोकं वर न करता तिथल्या तिथे नवस बोलून टाकला. हॉर्न ज्याच्यासाठी वाजला असेल त्याला टोपलीभर उकडलेली अंडी देईन, आणि त्याच्यापुढे मी स्वतः नाचेन. इतर लोक नवसाला नाचणाऱ्या मुली भाड्याने आणतात, त्या नटूनथटून छान नाचतात. पण आईला त्या वेळी तेवढं सुचलं नाही.

बाबा वाचले, हृदयाच्या नळीत एक स्प्रिंग बसली. महिन्याभराने आईने विचारलं, हॉर्न कुठल्या देवळापाशी वाजवलास? तोंग म्हणाला, आठवत नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की दुसरं कोण असणार, जंगलाच्या फाटकाजवळचे राखणदार देव, थोरले चाओ फोच. येणारीजाणारी प्रत्येक गाडी त्यांच्यासाठीच हॉर्न वाजवते. आई गेली, अंडी ठेवली, दुखऱ्या गुडघ्यांनी नाचून आली. आठवडा उलटायच्या आत बाबांच्या छातीत पुन्हा कळ आली आणि दुसरी स्प्रिंग बसवावी लागली.

झालं. नवस चुकीच्या पत्त्यावर पोचला, हे आईच्या मनाने घेतलं. खरा देव अजून वाट बघतोय, आणि दिलेलं परत घ्यायला तो मागेपुढे बघणार नाही. त्यातच डॉक्टरांनी सांगितलं की येत्या सोमवारी सगळ्या तपासण्या करू आणि छाती उघडायची की नाही ते ठरवू. आई म्हणाली, सोमवारच्या आत नवस फिटलाच पाहिजे. म्हणून मोठ्या सुट्टीच्या शनिवारी, अर्धं बँकॉक खाओ याईच्या रस्त्यावर उतरलेलं असताना, आम्ही त्या रस्त्यावरचं प्रत्येक देवस्थान गाठायला निघालो. गाडी मी चालवत होते. तोंगला माझ्या शेजारी बसवलं होतं, आठवायला.

मुआक लेकला पहिला थांबा. पेट्रोल पंपामागे खांबावर एक देवघर होतं, आतमध्ये मातीची म्हातारा-म्हातारी आणि लाल सरबताची बाटली. आईने अंड्यांची टोपली ठेवली, उदबत्त्या लावल्या आणि मला म्हणाली, गाणं लाव. मी फोन हातात धरून उभी राहिले. पेट्रोल भरणारी मुलं बघत होती. आई नाचते म्हणजे काय करते, तर कमरेत जराही न वाकता हात फिरवते, आणि चेहरा असा की कुणाच्या पँटीचं माप घेतेय. आम्ही जन्मात तिला नाचताना पाहिलं नव्हतं. बाबा गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून निवांत बघत बसले होते. एवढी मोठी तपासणी डोक्यावर असताना या माणसाला काही आहे की नाही, असं मला वाटत होतं.

उदबत्त्या विझल्या की अंडी परत घ्यायची. मी म्हटलं, चला, हीच टोपली पुढच्या देवाला. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते.

"एकाचं उष्टं दुसऱ्याला देऊ? तुझ्या ऑफिसात चालत असेल."

म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवी अंडी. आणि जुनी? ती प्रसादाची, टाकायची नाहीत. बाबांना डॉक्टरांनी बलक बंद केलेला. त्यामुळे बाबा पांढरं खायचे आणि बलक मी आणि तोंग. पाक चोंग येईपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली होती, गाडीत अंड्यांचा वास कोंडला होता, आणि तोंगच्या चेहऱ्यावर आठवण सोडून बाकी सगळं दिसत होतं. इतर लोकांच्या गाड्या भाजलेली मक्याची कणसं आणि सीताफळं घ्यायला थांबत होत्या. आम्ही अंडी घ्यायला थांबत होतो.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिसॉर्ट. त्यातल्या एकाने तर अख्खं इटलीतलं गाव उभारलंय, मनोऱ्यासकट. त्याच्या दारातही देवघर. आई टोपली घेऊन सरळ आत निघाली. पहारेकऱ्याने बुकिंग विचारलं. आई म्हणाली, मला तुमच्या खोल्यांशी काही करायचं नाही, मी तुमच्या देवाला भेटायला आलेय. तो बिचारा बाजूला झाला. तिथे फोटो काढायला आलेल्या बायकांनी आपले फोटो सोडून आईचे काढले. एकीने मला विचारलंसुद्धा, पुढचा कार्यक्रम किती वाजता आहे.

मी तोंगला बाजूला घेतलं आणि चांगलं सुनावलं. म्हटलं, डोक्याला ताण दे जरा, उजवीकडे वळण होतं की डावीकडे, चढ की उतार, काहीतरी आठव. तो नुसता कान खाजवत राहिला. लहानपणापासून हेच. घरात काही फुटलं की हा कान खाजवतो. आईचा लाडका असल्यामुळे त्याचं खपतं आणि मी गाडी चालवते.

फाटकापाशी थोरल्या चाओ फोंना आईने नुसते हात जोडले. तुमचं देऊन झालंय, आता दुसऱ्याचं बघू द्या, असं काहीसं पुटपुटली. मग आम्ही जंगलात शिरलो. पाक चोंगहून घेतलेली शेवटची टोपली तिने मांडीवर धरली होती. आतमध्ये एखादं ठिकाण आपल्या नजरेतून सुटलं असेल, तिथे द्यायची.

थोडं पुढे गेल्यावर गाड्यांची रांग लागली. पुढे हत्ती रस्त्यावर आला होता. हत्ती असला की हॉर्न वाजवायचा नाही, गप्प बसायचं. आम्ही बसलो. आई दर थोड्या वेळाने विचारत होती, इथे होतं का? या झाडापाशी? तोंग नाही म्हणत होता. बाबा खिडकीला डोकं टेकून होते. अंड्यांचा वास बाहेरही गेला असावा, कारण झाडीतून एक बुटक्या शेपटीचं माकड आलं आणि आमच्या गाडीसमोर रस्त्याच्या मधोमध बसलं.

"तेव्हा पण असंच बसलं होतं," तोंग म्हणाला. "तीनदा हॉर्न दिला तरी ढिम्म हललं नाही."

बोलून झाल्यावर त्याचा हात कानाकडे गेला.

मग मी विचारलं, काय म्हणालास? आणि सगळं बाहेर आलं. त्या दिवशी हॉर्न देवासाठी नव्हताच. वळणावर माकड बसलं होतं, त्याला हाकलायला वाजवला होता. माझं डोकं सणकलं. या माकडापायी आम्ही सकाळपासून देव पालथे घातले होते, आणि मी अंडी खाऊन खाऊन मरायला टेकले होते.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आईने विचारलं, कुठल्या देवळापाशी. माकडापाशी का, असं कुणी विचारलंच नाही. आणि मग ती एकदा नाचून आली होती. आता कसं सांगणार?"

मला आई चिडायला हवी होती. तिने तोंगला झोडपलं असतं तर मी मनापासून साथ दिली असती. पण आरशात पाहिलं तर ती टोपलीतल्या अंड्यांकडे बघत गप्प बसली होती. अख्ख्या बाजाराला पुरून उरणारी माझी आई गप्प बसली की मला भीती वाटते. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत होतं. नवस कुणालाच पोचला नव्हता. म्हणजे बाबांना कुणी वाचवलंच नव्हतं, ते आपले असेच राहिले होते, आणि सोमवारी त्यांच्यामागे उभं राहायला कुणी नव्हतं.

हत्ती गेला, रांग हलली. दरी दिसते त्या जागी आई म्हणाली, थांब. गाडी बाजूला घेतली. ती उतरली आणि टोपली घेऊन कठड्यापाशी उभी राहिली. बाबा सावकाश उतरून तिच्याजवळ गेले. मी आणि तोंग मागे.

"एवढं बोलले मी," ती दरीकडे बघत म्हणाली. "ऐकलं कुणीच नाही."

"मी ऐकलं," बाबा म्हणाले.

"तू बेशुद्ध होतास, म्हाताऱ्या."

"डोळे मिटले होते. अंडी म्हणालीस. नाचेन म्हणालीस. आणि म्हणालीस, याला नेऊ नका, मला दुसरं कुणी नाही."

ते शेवटचं आईने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं पोटची पोरं तिथे उभी होतो, आणि मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आईची मान मात्र लाल झाली.

"सगळं ऐकलंस आणि इतके महिने तोंड शिवून बसलास? मला पेट्रोल पंपावर नाचवलंस?"

"हॉर्न कुणासाठी होता ते मला तरी कुठे माहीत होतं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "आणि तुला नाचताना बघायला मिळत होतं."

मी मनात म्हटलं, आता हा माणूस दरीत जाणार. आईच्या हातात टोपली नसती तर काय झालं असतं सांगता येत नाही. तिने त्यांना बरंच ऐकवलं. तू देव आहेस का, स्वतःला समजतोस कोण, तुझ्यासाठी गुडघे झिजवले, डॉक्टरची गोळी वेळेवर घेत नाहीस आणि वर मजा बघतोस. शेजारी फोटो काढणारं एक कुटुंब हळूच लांब सरकलं. बाबा सगळं ऐकून घेत होते. सकाळपासूनचं त्यांचं असं शांत राहणं मला निवांतपणा वाटत होतं. आत्ता जवळून पाहिलं तर ते शर्टाचं एकच बटण सारखं लावत आणि काढत होते. सोमवारची त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भीती होती.

आईनेही ते पाहिलं. ती बोलता बोलता थांबली. तिने त्यांना कठड्यावर नीट बसवलं, टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली, शर्टाची कॉलर सरळ केली.

"ऑय, गाणं लाव," ती मला म्हणाली.

मी लावलं. बाबांना हात जोडावेत की आशीर्वाद द्यावा ते कळेना, म्हणून त्यांनी टोपली घट्ट धरली. आई त्यांच्यापुढे नाचली. तशीच, ताठ कमरेने. तोंग हसायला लागला, मी त्याला कोपर मारलं, आणि मग माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मनस्तापानंतर रडायचंही माझ्याच वाट्याला यावं, याचा मला रागच आला.

गाणं संपलं. आईला धाप लागली होती. ती त्यांच्याजवळ कठड्यावर बसली. आजवर देवांशी तिने असंच केलं होतं, आधी मागायचं आणि मिळाल्यावर द्यायचं. या वेळी देऊन झालं होतं आणि मागायचं राहिलं होतं. माणसाकडे कसं मागतात ते तिला येत नव्हतं.

"राहशील ना रे?" शेवटी तिने विचारलं.

"मला तर राहायचंय," बाबा म्हणाले.