नवस माझा, पाय तिचे

देवी ऐकते की नाही, याची त्या हिवाळ्यात मला खात्री उरली नव्हती. लढाईचे दिवस होते, सूत मिळेनासे झाले होते. बेळगावजवळच्या शहापुरातल्या आमच्या घरात दोन खड्डामाग. एकावर मी बसे, दुसऱ्यावर माझी पत्नी. तिच्या पायांना सूज येऊ लागली. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबणाऱ्या विणकराचे पाय संध्याकाळी सुजतातच. खड्ड्यातल्या ओलीमुळे होते म्हणून आम्ही वाळूने शेकतो आणि सकाळी विसरून जातो. तिची सूज सकाळीही उतरेना. अंगठ्याने दाबले तर खळगा तसाच राही. घागर आणताना ती वाटेत थांबे, झोपेतून उठून भिंतीला टेकून बसे. मी मात्र वाळूच तापवत राहिलो. तेवढ्याने भागेना, तेव्हा यल्लम्माला नवस बोललो, की हिला बरी कर, पौर्णिमेला ही तुझ्या डोंगरावर पायी येईल.

पौर्णिमा जवळ आली, सूज उतरली नव्हती, तरी बोललेला नवस म्हणून मी तिला घेऊन निघालो. देवीच्या डोंगराकडे, सौंदत्तीच्या वाटेवर तिचे पाऊल जड पडू लागले. "लई धाप लागलीया. जरा बसू या की," ती म्हणाली.

"बसलं की उठवत न्हाय. त्या झाडापत्तूर चल."

"तुमची झाडं काय सरत न्हाईत," ती कसनुसे हसून म्हणाली आणि चालली.

त्या झाडाखाली ती कोसळली. ओठ निळसर पडले होते. मी घोंगडे पसरून तिला आडवी केली, तशी ती जास्तच घुसमटली आणि माझा हात झिडकारू लागली. देवी कोपली, एवढेच माझ्या मनात आले.

मागून यात्रेकरूंबरोबर एक म्हातारी जोगतीण येत होती. डोक्यावर देवीचा मुखवटा ठेवलेली टोपली होती. तिने ती टोपली माझ्या पत्नीसमोर उतरवली, तिला उठवून बसवले आणि स्वतः तिच्या पाठीला पाठ लावून बसली. "टेक गं बाई. माझी पाठ रिकामीच हाय." पत्नी टेकली. हळूहळू तिचा श्वास खाली बसला.

मी हात जोडले. "आक्का, नवस हाय. डोंगर चढाय पायजे."

"कुणी बोलला नवस?"

"मी."

"मग हिला कशाला चालवतोस रं? टोपलीतली आई चालत आलीया न्हवं इथं. आणि कुठं निघालास?"

तिने पत्नीच्या कपाळाला भंडारा लावला आणि बेळगावकडे परतणारी एक रिकामी बैलगाडी थांबवली. पत्नीला गाडीत बैलांच्या कडब्याला टेकवून बसवण्याच्या गडबडीत त्या बाईचे नाव विचारायचे राहून गेले.

बेळगावात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असे विचारले. आला होता. ते म्हणाले, हृदयात रक्त एकाच दिशेने सोडणारी दारे असतात. त्या तापाने त्यातले एक दार आखडले आहे. रक्त मागे तुंबते, मग फुप्फुसांत पाणी धरते आणि पाय सुजतात. आडवे झाले की पायांकडचे पाणी उलट वर येते आणि जीव गुदमरतो. बसले की हलके वाटते. ओलीचा यात काही संबंध नाही. दार दुरुस्त व्हायचे नाही, पण मीठ सोडले, कष्ट थांबवले आणि औषधाचे थेंब चालू ठेवले, तर त्यावरचा भार कमी होईल.

मी विनवल्यावर त्यांनी नळी माझ्या कानाला लावू दिली. मागावर फणीच्या दोन ठोक्यांमध्ये आडवा धागा नेणारा धोटा अडखळत, धागे घासत जावा, तसा तो आवाज होता. शेजारच्या घरातला माग बिघडला तरी मला माझ्या मागावर बसून कळते. हा आवाज वर्षानुवर्षे माझ्या शेजारच्या मागावर बसत होता. आणि नवस फेडायला मी तिचेच पाय देऊ केले होते.

त्याला आता काही वर्षे झाली. ती आहे. अळणी आमटीवरून रोज मला बोलते, बसून सुताच्या कांड्या भरते आणि वाटेल तिथे थांबते. हृदयातले ते दार तसेच आहे. पौर्णिमेला आम्ही कुठे जात नाही. दारी जोगतीण आली की पत्नी तिच्या परडीत जोंधळे घालते, मी टोपलीपुढे डोके टेकतो. देवीला काय देऊ, काय मागू, याचा हिशेब मी सोडला आहे. संध्याकाळी पत्नीला दम लागला की तिच्या पाठीला पाठ लावून बसतो. तिचा श्वास माझ्या पाठीला कळतो. तो खाली बसेपर्यंत मी हलत नाही.