ट्रेनरच्या कोर्सला वयाची अट

कुठल्याही गोष्टीत मी सगळ्यात आधी वयाची अट पाहतो. ही सवय मला पोलीस भरतीनं लावली. जाहिरात आली की बाकीची पोरं जागा किती ते पाहायची, मी मात्र थेट जन्मतारखेच्या कलमावर जायचो. खुल्या गटाला अठ्ठावीस, आमच्या प्रवर्गाला पाच वर्षांची सूट, म्हणजे तेहेतीस. तेवढ्या वर्षांत मी पाच भरत्या केल्या. एकदा लेखी परीक्षेत बाद झालो, एकदा छाती भरली नाही आणि तीनदा सोळाशे मीटरमध्ये माझ्यापेक्षा चांगले पाय निघाले. तेहेतीस पूर्ण झाली त्या दिवशी आईनं खीर केली होती. शेजारचे काका ओट्यावर बसून म्हणाले, "झाला का बाबू एज बार?" आमच्या पवनीकडे हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही येतो. मी हो म्हणालो आणि त्यांनाही वाटीभर खीर आणून दिली.

पुढे मी एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो. अकरा ते साडेचार. परीक्षानळ्या धुवायच्या, सांगाड्यावरची धूळ पुसायची, फ्यूज उडाला की मुलांच्या आधी शिक्षकांना धीर द्यायचा. सकाळी पाय मात्र नदीकडच्या ग्राउंडवरच जायचे. तिथं भरतीसाठी धावणारी मुलं-मुली हळूहळू माझ्या मागं लागली आणि मला सर म्हणायला लागली. मुली जास्त. रोवणा लागला की त्या धान लावायला जायच्या आणि बॅच अर्धी व्हायची. पंधरा-वीस दिवसांनी परत यायच्या त्या कंबर धरूनच. आल्या आल्या त्यांना पळवायचं नाही, आधी जमिनीला पाठ टेकवून पाय भिंतीवर ठेवायला सांगायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून कळत गेलं.

त्यातल्या काही लागल्या. वर्दी घालून पेढे घेऊन यायच्या, पाया पडायच्या. मला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी पोटात जळायचंही. खोटं कशाला सांगू? माझ्या हातून घडलेल्या पोरींचा मला मत्सर वाटायचा.

मला चाळीस पुरी व्हायला थोडे महिने होते तेव्हा बाजाराकडे एका साडीच्या दुकानावर जिम निघाली. मालक विणकरांच्या घरातला, तिशीतला. आजोबांचे माग होते, वडिलांनी दुकान टाकलं, यानं वरच्या मजल्यावर मशिनी बसवल्या. एका सकाळी तो ग्राउंडवर आला, कडेला उभा राहून माझी बॅच पाहिली आणि संपल्यावर म्हणाला, "सर, संध्याकाळच्या बायकांच्या बॅचले मले तुमीच पायजे. पाच ते सात. तुमची नोकरी बी सुटत नाही."

"मी? जिममध्ये?"

"हाव. पन एक कागद लागते. आजकाल लोक पहिले तेच विचारतात, ट्रेनर सर्टिफाइड आहे का म्हनून. कोनता कोर्स करायचा ते तुमी पाहा. मी थांबतो."

मी थांबतो, हे शब्द मला कोणी कधी म्हटले नव्हते. आतापर्यंत मीच रांगेत थांबत आलो होतो. त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या हातून दोन चंचुपात्रं फुटली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. ती पाच ते सातची बॅच मला हवी होती. पोरगी सासरी जायला निघाली की आईला जसं एकाच वेळी रडूही येतं आणि हसूही, तसं दिवसभर होत होतं.

बायको अंगणवाडी सेविका आहे. रात्रीच्या भाजीची मेथी निवडता निवडता तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग करा ना. उशीर कायले?"

उशीर असा की कोर्स तीन होते. एक नागपूरला, शनिवार-रविवारचा. दोन दिवसांत प्रमाणपत्र, वर फोटोही काढून देत. दुसरा मोबाइलवरचा, परदेशी संस्थेचा. म्हणे कुठंही चालतो, पण सगळा इंग्रजीत. हाडं-स्नायू मला पाठ होते, रोज त्यांचीच धूळ पुसत होतो, पण मला ते मराठीतून पाठ होते. तिसरा सरकारी क्रीडा संस्थेचा, लांबच्या शहरात, सहा आठवडे तिथंच राहून. त्याच्या कागदावर सरकारी शिक्का.

"नागपूरचा करून टाका अन् मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"दोन दिवसांत काय येते कोनाले?"

"तुमाले येते ना आधीच! कागदच तं पायजे."

मला ते पटलं नाही. आमच्या घरात कागद म्हणजे शिक्का. वडील म्हणायचे, खाजगी कागद आणि लग्नाची पत्रिका सारखीच, तारीख गेली की पुडी बांधायला. जातीचा दाखला, वैधता, अधिवास, सगळं त्यांनी एका फायलीत असं जपलं होतं की आम्हा भावंडांना हात धुतल्याशिवाय ती उघडता यायची नाही. त्या फायलीत नागपूरचा फोटोवाला कागद घालायची माझी हिंमत नव्हती. मी सरकारी कोर्स निवडला. निवडला आणि सवयीनं वयाची अट शोधायला बसलो.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, किमान वय अठरा. कमाल काहीच नाही. माझा विश्वास बसेना. जिथं किमान आहे तिथं कमाल असणारच, एवढं तर मला पाच भरत्यांनी शिकवलं होतं. शोधत शोधत मला त्याच संस्थेच्या वेबसाइटवर प्रशिक्षकाच्या पदाची एक जुनी जाहिरात सापडली. त्यात होतं, कमाल तेहेतीस, मागासवर्गीयांना पाच वर्षं शिथिल. म्हणजे अडतीस. मी एकोणचाळीस पार केलेली. ती नोकरीची जाहिरात होती, कोर्सची नाही, हे मला दिसत होतं की नव्हतं, आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी मोबाइल बंद केला. मनात आलं, झालं, इथंही एज बार.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला म्हणालो, प्राचार्य सहा आठवडे सुट्टी देत नाहीत. जिमवाल्याला म्हणालो, प्रक्रिया सुरू आहे. तो दर महिन्या-दोन महिन्यांनी ग्राउंडवर यायचा. "काय म्हनते सर, तुमची प्रक्रिया?" मी म्हणायचो, "चालू आहे." तोपर्यंत तो स्वतःच बायकांच्या बॅचमध्ये उभा राहायचा, बायका लाजायच्या, दोघी-तिघी सोडून गेल्या. संस्थेत एक फोन लावला असता तर दोन मिनिटांत सोक्षमोक्ष झाला असता. पण फोन करायचा म्हणजे आणखी एकदा तेच ऐकायचं, आणि त्याची मला भीती वाटत होती. दुसरे दोन कोर्स होतेच की. ते मी केले नाहीत, कारण माझ्या मते ते खरे नव्हते. असं एक वर्ष गेलं.

मग कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला बायको आली आणि तिनं सरळ प्राचार्यांनाच गाठलं. सेविका असल्यानं तिला कोणत्याही साहेबाची भीती वाटत नाही. "सर, यायले सहा हप्ते सोडा ना जी, यायचं भलं होईल." प्राचार्य म्हणाले, "अहो, त्यांनी मला कधी विचारलंच नाही."

आम्ही घरी आलो. मुलं बाहेर खेळत होती. तिनं साडीही बदलली नाही, खुर्ची ओढून समोर बसली.

"काहून लपवलं?"

"एज बार झालो मी त्या कोर्सले."

"कोनं सांगतलं?"

मी जाहिरात दाखवली. तिनं ती वाचली, वर जाऊन मथळा वाचला, मग माहितीपत्रकावरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. शनिवार दुपार असूनही कोणीतरी उचलला.

"साहेब, ट्रेनरच्या कोर्सले वयाची अट किती आहे?"

"अठरा पूर्ण पाहिजेत, मॅडम."

"जास्तीत जास्त किती?"

मी तिला खुणावलं आणि हळूच म्हणालो, "प्रवर्गाची सूट विचार." तिनं तेही विचारलं.

"सूट कशाची?" पलीकडचा माणूस गोंधळला. "मॅडम, जास्तीची अटच नाही. मागच्या बॅचला एक निवृत्त फौजी होते, साठीतले. फिटनेसचं सर्टिफिकेट आणा म्हणजे झालं."

बायकोनं फोन ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एक साल, अजी. एक साल तुमी न विचारता बसले," आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला चौदा वर्षं झाली. माझ्या पाचव्या भरतीच्या निकालालाही ती रडली नव्हती. त्या वेळी मला दुसऱ्यांनी बाद केलं होतं. या वेळी मी स्वतःच स्वतःला बाद करून आलो होतो, आणि ते तिला माझ्या आधी कळलं.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी जिमकडे गेलो. पुढची बॅच उन्हाळ्यात, सहा आठवड्यांत कागद आणतो, असं सगळं वाटेत पाठ करत गेलो. मालक खाली दुकानात काउंटरवर होता. मला पाहून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. एवढा मान दिला तेव्हाच मी समजलो.

"सर, मी लय थांबलो," तो म्हणाला. "बायका सोडून जाऊन राहिल्या होत्या. पंधरा दिवस झाले, एक पोरगी ठेवली. तुमच्याच बॅचची आहे. उंचीत बसली नव्हती ते. नागपूरचा दोन दिवसांचा कोर्स करून आली."

त्याच्यावर मला रागावता येईना. वर्षभर थांबलेल्या माणसावर काय रागवायचं? मी म्हणालो, चांगलं केलं. चहा पिऊन उठलो तर ती पोरगी जिन्यावरून धावत खाली आली. तिला वरून माझा आवाज ऐकू आला होता.

"सर, बरं झालं आले. जरा वर येता का? एका मॅडमचा गुडघा उठता-बसता दुखते म्हनतात. मले त्या कोर्समदी हे सांगतलंच नाही."

वर आठ-दहा बायका होत्या. ज्यांचा गुडघा दुखत होता त्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, पन्नाशीच्या. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पावलं थोडी बाहेर करायला लावली, गुडघा आत पडू न देता टाचेवर भार देऊन उठायला सांगितलं. पहिल्यांदा त्या घाबरल्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा हसल्या. बाकीच्या बायकाही आपापल्या जागी तसं करून पाहायला लागल्या, आणि मी न ठरवता मोजायला लागलो. एक, दोन, सावकाश, तीन. दहापर्यंत मोजलं. तेवढा वेळ मी ट्रेनर होतो.

"कोण हो हे?" शिक्षिकेनं पोरीला विचारलं.

"माझे सर आहेत. यायनंच शिकवलं मले सगळं."

"मग तुम्हीच का नाही शिकवत इथं? आम्हाला बरं पडलं असतं."

ती पोरगी माझ्याकडे पाहत होती. खरं सांगितलं असतं तर तिचीच मान खाली गेली असती, आणि माझी तर गेलीच होती.

"वेळ नाही मिळत मॅडम," मी म्हणालो.

साडेचारला कॉलेज सुटतं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत मला कुठंही जायचं नसतं.