आर्डिस केतुनेनचं गिरमिट

आर्डिस केतुनेनच्या खांद्यांवरून शाळेत चेष्टा चालायची, पण तिच्या पाठीमागे. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात मी आणि ती चौदा वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. बटाट्यांचं पोतं आलं की ती मला कोपराने ढोसायची, "कॉनी, सरक," आणि पोतं एका झटक्यात ओट्यावर. ते खांदे तिने गोठलेल्या तळ्यावर कमावले होते, मासे धरायला बर्फात हाताने गिरमिट फिरवून फिरवून.

तिचे वडील अर्वो लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात पडून त्यांच्या कंबरेचं हाड मोडलं. चालता यायला लागलं, पण बर्फात गिरमिट फिरवणं संपलं. आर्डिसचं लग्न तेव्हा नुकतंच मोडलं होतं. ती माहेरी आली आणि म्हाताऱ्याचं निळं गिरमिट तिने हातात घेतलं, ते वीस वर्षं खाली ठेवलं नाही. दर शनिवारी ती त्यांना तळ्यावर न्यायची. खुर्ची मांडायची, गुडघ्यांवर घोंगडी टाकायची आणि भोक पाडायला लागायची. एक हात मुठीवर, दुसरा वळणाऱ्या दांड्यावर, कपाळ खाली. पाणी वर आलं की झाऱ्याने बर्फाचा चुरा काढायचा आणि गळ बापाच्या हातात द्यायचा.

पंधरा-वीस मिनिटांनी म्हातारा म्हणायचा, "इथे काही नाही. त्या खडकाच्या अंगाला बघ."

की आर्डिस निघाली खडकाच्या अंगाला. एका शनिवारात आठ-दहा भोकं सहज व्हायची. 'छान' किंवा 'दमलीस का' असं अर्वोंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. मी एकदा तसं बोलले, तर आर्डिस म्हणाली, "आमच्याकडे असं बोलत नाहीत. ते माझ्याशिवाय तळ्यावर जात नाहीत, तेवढं पुरे."

तेवढं तिला खरंच पुरायचं. मग त्या ऑक्टोबरात मार्लिस परत आली.

मार्लिस ही धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षं ॲरिझोनात लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवायची. गुडघे गेले, नवरा गेला, म्हणून गावात येऊन एका गॅरेजवरची खोली तिने घेतली. बारीक, काटक, हसरी. सगळ्या गावाला तीन आठवड्यांत तिचं नाव माहीत झालं. तळं गोठल्यावर पहिल्या शनिवारी ती तिथे आली तेव्हा मीही होते. तिच्या एका हातात बॅटरीवरचं ड्रिल मशीन आणि दुसऱ्यात एक हलकंसं, नवंकोरं गिरमिट. तिने गिरमिटाचा दांडा मशीनच्या जबड्यात घालून करकचून आवळला. गिरमिट निसटून तळाशी जाऊ नये म्हणून वरती ताटलीएवढी चकती लावलेली. मग पाय फाकून उभी राहिली आणि घोडा दाबला.

घर्रर्र झालं आणि पाणी वर आलं. माझी घोटभर कॉफीसुद्धा पिऊन झाली नव्हती.

"अरेच्चा!" अर्वो खुर्चीतून पुढे झुकले. "लोण्यात सुरी गेल्यासारखं गेलं की गं!"

"अजून एक पाडू का, बाबा?"

"पाड! इथे पाड. आणि तिथे. आणि तो खडक दिसतोय ना, तिथे दोन."

आर्डिस आपलं निळं गिरमिट धरून उभी होती. पात्यावरचं कातडी म्यान तिने अजून काढलेलंही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लोणी म्हणे. वीस वर्षं मी काय दगड फोडत होते?"

पुढच्या शनिवारी मार्लिसने मशीन म्हाताऱ्याच्याच हातात दिलं. बाजूची मूठ तिने धरून ठेवली, कारण पातं अडकलं की मशीन उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. पण घोडा अर्वोंनी दाबला. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाने वीस हिवाळ्यांनंतर स्वतः भोक पाडलं. पाणी आलं तेव्हा ते मोठ्याने हसले. त्यांचे वरचे दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. इतकं उघडं हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

आर्डिस जाऊन ट्रकमध्ये बसली. मला म्हणाली, पाय गारठलेत.

त्यानंतर तिचं बिनसतच गेलं. भाजी चिरताना सुरी फळीवर आपटायची. "काल बाबांनी विचारलं, मार्लिस जेवायला येते का. मी रोज जेवायला असते, मला कुणी विचारलंय?" दुसऱ्या दिवशी, "तिने बाबांना लोकरीची टोपी आणली. लाल. सत्त्याऐंशीव्या वर्षी लाल टोपी! आणि ती घालून ते घरातसुद्धा बसतात." मग जरा वेळाने, "मी विणलेली करडी टोपी कुठेय ठाऊक आहे? मांजराच्या खोक्यात."

"अगं, बहीण आहे तुझी," मी म्हणाले.

"म्हणून तर. परकी असती तर मी तिला जेवायला वाढलं असतं."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी थंडी उणे पंचविसाला होती. बॅटऱ्या गारठल्या की मशीन चालत नाही, म्हणून मार्लिस त्या एका डब्याच्या पिशवीत गरम पाण्याच्या बाटलीसोबत ठेवायची. त्या सकाळी सामान आर्डिसने ट्रकमध्ये चढवलं. मी पुढे बसले होते. मागे तिने काय केलं ते मी पाहिलं नाही. तळ्यावर पोचलो, खुर्ची लागली, घोंगडी टाकली, मार्लिसने पहिलं भोक पाडलं. दुसऱ्याच्या अर्ध्यात मशीन कण्हलं आणि थांबलं. तिने दुसरी बॅटरी लावली. मशीनने हूं की चूं केलं नाही.

"काय झालं गं?" अर्वो म्हणाले.

"गार पडल्यात, बाबा. का कोण जाणे." मार्लिसने दोन्ही बॅटऱ्या कोटाच्या आत, थेट पोटाला लावून धरल्या आणि थंडीने दात वाजवत उभी राहिली.

आर्डिसने निळ्या गिरमिटाचं म्यान काढलं. इतके दिवस मी तिचा चेहरा असा उजळलेला बघितला नव्हता. तिने एक भोक पाडलं. म्हाताऱ्याने गळ टाकला, वर ओढला. "नाही. अजून पलीकडे." तिने दुसरं पाडलं. बर्फ मांडीएवढा जाड झालेला आणि वरचा थर काचेसारखा. तिच्या भुवयांवर घामाचा बर्फ झाला. तिसऱ्या भोकाशी तिने मान वर करून बापाकडे बघितलं. अर्वो तिच्याकडे बघत नव्हते. ते मार्लिसकडे बघत होते.

"गरम झाल्या का गं त्या?" त्यांनी विचारलं.

आर्डिस चौथ्यावर तुटून पडली. इतक्या जोरात फिरवायला लागली की दांडा वाकतो की काय असं मला वाटलं. मग 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं बर्फ फुटला. आर्डिस सरळ उभी राहिली, उजवा हात लोंबकळत होता, चेहरा पांढराफटक. उलट्या बादलीवर जाऊन बसली.

"हात दाखव," मार्लिस धावत येऊन म्हणाली.

"हात लावू नकोस मला."

"आर्डिस, खांदा गेलाय तुझा!"

"गेला तर गेला. तुझं मशीन आहे ना? बाबांना काय फरक पडतोय?"

अर्वोंनी खुर्ची बर्फावर फरफटत जवळ आणली, बसल्या बसल्याच, टाचांनी रेटत. घोंगडी मागे पडली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, बाबा."

"वीस वर्षं तू माझ्याशेजारी बसली नाहीस," ते म्हणाले. "सारखी आपली खणत. मला वाटायचं एक मासा तरी आपण दोघांनी मिळून धरावा. बरं, 'बस' म्हणालो तर तू म्हणशील, बाबांना आता जमत नाही, चला घरी. म्हणून मी आपलं म्हणायचो, तिकडे बघ, तिकडे बघ. हिने मशीन आणलं तेव्हा वाटलं, चला, आता पोरगी बसेल. तर तू ट्रकमध्ये जाऊन बसलीस."

वारा सुटला होता. आर्डिसने डाव्या हाताने बुटांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाली, "बाटली मी काढली. गरम पाण्याची. पिशवी मागे उघड्यावर ठेवली."

मार्लिसने कोटातून बॅटऱ्या काढल्या, एक एक करून खोक्यात ठेवल्या. "उणे पंचविसात," ती म्हणाली, "बाबांना बाहेर बसवून तू हे केलंस." आवाज चढवला नाही तिने. त्याने जास्तच लागलं. मग तिने ट्रक सुरू केला आणि आम्ही तडक इस्पितळाकडे निघालो. रस्ता दीड तासाचा होता. मधेच अर्वो म्हणाले, "हीटर जरा कमी करा," आणि दोघींचे हात एकदमच पुढे आले आणि दोघींनी एकदमच मागे घेतले. हीटर मी कमी केला.

खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर गिरमिटाला हात लावायचा नाही, आणि खरं तर पुढेही नाही. मार्लिस तीन आठवडे घरी आली नाही. आली ती आर्डिसला टाके काढायला न्यायला, कारण आर्डिसला एका हाताने गाडी चालवता येत नव्हती आणि मला शाळा होती. तिथून येताना दोघी भांडल्या. सगळं भांडण मला माहीत नाही. आर्डिसने एवढंच सांगितलं की मार्लिस म्हणाली, आई गेली तेव्हा तुम्ही मला दुसऱ्या दिवशी कळवलंत, ते कोण विसरलंय?

मार्चच्या अखेरीला बर्फ अजून पक्का होता. मी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन तळ्यावर गेले. मार्लिस मशीनने भोकं पाडत होती. आर्डिस हात गळ्यात बांधून बापाशेजारी दुसऱ्या खुर्चीत बसली होती, डाव्या हातात गळ. तिला मासे धरता येतच नव्हते! वीस वर्षं तळ्यावर काढून बाईला दोरी कधी हलवायची ते ठाऊक नव्हतं.

"झटका नको देऊस," अर्वो खेकसत होते. "पोळ्या लाटतेयस का? हळू. वर. आता थांब. थांब म्हणतो ना!"

"थांबलेच आहे की."

"हे थांबणं नाही. तुझं मनगट थरथरतंय."

"थंडीने थरथरतंय, बाबा!"

तासाभराने तिने एक पर्च मासा काढला, जेमतेम वीतभर. अर्वोंनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. "सोडून दे," म्हणाले, "लहान आहे." आणि आर्डिस अशी हसली की पलीकडे बर्फावर खोपट टाकून बसलेला माणूस डोकं बाहेर काढून बघायला लागला.

मार्लिस चार भोकं पलीकडे मशीन टेकवून उभी होती. मी तिला कॉफी द्यायला गेले. ती त्या दोघांकडे बघत होती, बाप आणि लेक एका भोकावर डोकी लावून बसलेली, तिच्याकडे दोघांच्याही पाठी.

"मला कधी नाही असं शिकवलं," ती म्हणाली. "मी गेले तेव्हा सव्वीसची होते. मला कधीच नाही."

मी पाव पुढे केला. तिने एक तुकडा तोडला, खाल्ला, मग मशीन उचललं आणि त्यांच्या खुर्च्यांपासून हातभर अंतरावर, अगदी खेटून, भोक पाडायला सुरुवात केली. बर्फाचा चुरा आर्डिसच्या बुटांवर उडाला.

"अगं, मासे पळतील!" आर्डिस ओरडली.

"पळू देत," मार्लिस म्हणाली. "मला बसायला जागा करा."