वंशावळीत नसलेल्या बाया

आमच्या घराण्याची वंशावळ दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलचे उंबरे झिजवून तयार केली. निजामाच्या काळातले कागद हुडकले, उर्दू वाचणारा गाठला, थेट खापरपणजोबापर्यंत पोचला. मला स्तनाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी आनुवंशिक समुपदेशनाला पाठवताना घराण्याची माहिती आणायला सांगितली, तेव्हा दादा तीच फाईल बगलेत मारून आला.

समुपदेशक मुलगी तिशीची असेल. तिनं कागद उलगडला, वरून खाली पाहिला आणि विचारलं, "यात बायका कुठायत?"

पाच पिढ्या, आणि बाई एकसुद्धा नाही. दादा म्हणाला, "बायांचं त्यात काय काम? त्या लग्न होऊन जात्यात." मला हसू आलं. टाके ताजे होते, हसताना दुखलं.

"वडिलांना बहीण होती का?"

होती. एकच आत्या, चाळिशीत गेली. "पोटाच्या दुखण्यानं," दादानं ठोकून दिलं. मीही तेच ऐकत आले होते.

खात्री करायला बिडकीनला चुलतीकडं गेले. ती लसूण सोलत बसली होती. "पोटाचं कुठलं, माय? छातीत गाठ व्हती. लई सडली. वास यायचा म्हणून मागच्या खोलीत ठिवली व्हती."

मग कुणी बोललं का नाही, असं विचारल्यावर तिनं पाकळी खाली ठेवली. "तवा तुझी सोयरीक चालू व्हती ना. पावणे माघारी जातील म्हणून समदे गप बसले."

म्हणजे मागच्या खोलीत आत्या कुजत होती आणि पुढच्या खोलीत मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. माझं भलं व्हावं म्हणून गप्प बसलेल्या माणसांमुळंच, गाठ हाताला लागल्यावरही मी वर्षभर निवांत राहिले. आपल्या घरात असलं काही नाही, असं वाटायचं. इतका संताप आला, की चहा न घेताच उठले.

केमो संपता संपता रक्ताचा रिपोर्ट आला. जनुकातला दोष वडिलांकडून आलेला. दादाकडंही असू शकतो, आणि असला तर त्याच्या मुलीत उतरायची शक्यता निम्मी. "मुलीला सांगा, वेळेवर तपासण्या केल्या तर जीव वाचतो," समुपदेशक म्हणाली. दादा म्हणाला, "बायांचा रोग बापाकडून कसा येईल, मॅडम?" तिनं पुन्हा समजावलं. जिन्यात तो मला म्हणाला, "पुढच्या महिन्यात पोरीची सुपारी हाय. त्वांड उघडलंस तर माझ्या दारात येऊ नको."

भाची, दादाची मुलगी, पुण्यात नोकरीला. तिला सांगितलं होतं, तुझ्या आत्याची, म्हणजे माझी, गर्भपिशवी काढली. आमच्याकडं पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्याइतकं साधं, कुणी पुढं विचारत नाही. राहिला प्रश्न केसांचा. ते मी तिरुपतीला दिले, असं दादानं सगळ्यांना सांगून टाकलं.

सुपारीच्या दिवशी हर्सूलच्या मंगल कार्यालयात बाया माझ्या नुकत्या फुटलेल्या केसांकडं बघून हात जोडत होत्या. मुलाच्या आईनं प्रसाद मागितला. दादानं शहागंजातून बुंदीच्या लाडवांचा डबा आधीच आणून ठेवला होता. तो मी वाटला.

भाचीला एकटीला गाठून सगळं सांगायचं, असं ठरवूनच मी गेले होते. समुपदेशकाचा नंबर चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवला होता. आतल्या खोलीत ती निऱ्या नीट करत होती. मला बघून हसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आत्या, एवढे लांब केस होते गं तुझे. कसला नवस होता?"

बाहेरून दादाचा आवाज येत होता, पाहुण्यांना आमचं घराणं सांगत होता. भित्री आहे मी, दुसरं काय.

"तुझ्या लग्नाचा," मी म्हणाले.

ती वाकून माझ्या पाया पडली.